‘सगळे दात येऊ द्या, मग बघू’: दंतशिक्षणाची सूत्रं हाती असणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
दंतवैद्यकाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या परिषदांचे सदस्य,
तसेच दंतमहाविद्यालयांतील ऑर्थोडॉन्टिक्स आणि बालदंतवैद्यक विभागांचे प्रमुख यांस,

स.न.वि.वि.

मी सर्वसाधारण दंतवैद्य आहे, स्पेशालिस्ट नाही. माझ्याकडे लहान मुलं बरीच येतात, आणि ती दात वाकडे आहेत म्हणून येत नाहीत. दाढ ठणकते, गालाला सूज आहे, दुधाचा दात हलतो पण पडत नाही, अशा कारणांनी येतात. आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडात वर्षातून एकदा-दोनदा कुणी नीट डोकावत असेल, तर ते माझ्यासारखं कुणीतरी असतं. ऑर्थोडॉन्टिस्टची, म्हणजे दात-जबड्यांची मांडणी सुधारणाऱ्या तज्ज्ञाची, पायरी मूल चढतं ते बहुतेक वेळा बारा-तेराव्या वर्षी, फोटोत ओठ मिटून उभं राहायला लागल्यावर.

हे पत्र आपल्याला उद्देशून असलं तरी जाहीर लिहिते आहे. कारण या सगळ्याची झळ आपल्याला लागत नाही आणि मलाही लागत नाही. ती मुलांना लागते, आणि पैसे मोजताना त्यांच्या पालकांना. ‘सगळे दात येऊ द्या, मग बघू’ हे वाक्य दंतवैद्याच्या तोंडून इतक्या सहज का निघतं, हे त्यांनाही कळायला हवं. काही वेळा तो विचारपूर्वक दिलेला सल्ला असतो. पण अनेकदा समोर काय चाललं आहे ते ओळखायला शिकवलेलंच नसतं, म्हणून वेळ मारून नेलेली असते.

एक उदाहरण देते. चौदा वर्षांची मुलगी, तक्रार एवढीच की वरचा समोरचा एक दात हलतो. मार लागलेला नाही, कीड नाही, हिरडी ठीक. एक्स-रे काढला तर त्या बाजूचा कायमचा सुळा टाळूत आडवा पडलेला, आणि त्याच्या डोक्यानं शेजारच्या पटाशीच्या दाताचं मूळ निम्म्याहून जास्त खाऊन टाकलेलं. सुळ्याच्या जागी दुधाचा सुळा अजून ठाण मांडून होता. आईनं सोबत फाइल आणली होती. मुलगी सहाव्या वर्षापासून दुसऱ्या एका दवाखान्यात नियमित तपासणीला जात होती, प्रत्येक फिलिंगची नोंद होती आणि फिलिंगं अगदी नेटकी होती. ते डॉक्टर निष्काळजी नव्हते. त्यांना जे शिकवलं होतं ते त्यांनी चोख केलं. दहाव्या वर्षी हिरडीवर बोट ठेवून सुळा चाचपायचा असतो, हे त्यांच्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं.

ही तपासणी करायला यंत्र लागत नाही. मुलाचा वरचा ओठ उचलायचा, दुधाच्या सुळ्याच्या वर, गाल आणि हिरडी जिथे मिळतात त्या खोबणीत तर्जनी सरकवायची. नऊ-दहा वर्षांच्या मुलात तिथे एक टणक उंचवटा लागायला हवा. दोन्ही बाजू चाचपायच्या. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला लागला नाही, किंवा दहा-अकराव्या वर्षीही कुठेच लागत नाही, तर एक्स-रे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एरिक्सन आणि कुरोल या स्वीडिश संशोधकांनी १९८८ साली दाखवलं की टाळूकडे भरकटलेल्या सुळ्यासाठी वेळेत नुसता दुधाचा सुळा काढला, तर ४६ पैकी ३६ सुळे आपण होऊन रुळावर आले. सुळ्याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळाची मधली रेष ओलांडून गेलेलं नसेल तर यश ९१ टक्के, ओलांडलं असेल तर ६४. त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. पण पुढे स्वीडनमध्येच तुलनेच्या गटासह चाचणी झाली. दुधाचा सुळा काढलेल्या बाजूला ६९ टक्के सुळे बाहेर आले, न काढलेल्या बाजूला ३९ टक्के. दुधाचा सुळा काढणं इंटर्नलाही जमतं. तो कधी काढायचा, हे मात्र त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आता तक्रारी.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. ऑर्थोडॉन्टिक्स म्हणून पदवीला आपण जे शिकवता, ते मुख्यतः तार वाकवणं आहे. ०.७ मिलिमीटरची स्टीलची तार, प्लायर आणि प्लास्टरचं मॉडेल. ॲडम्स क्लॅस्पची, म्हणजे प्लेट दाढेला धरून ठेवणाऱ्या तारेच्या पकडीची, दोन टोकं दाढेच्या दोन कोपऱ्यांत नेमकी बसेपर्यंत बोटांना वळ उठतात. मग लेबियल बो, मग झेड स्प्रिंग, मग ॲक्रिलिक, असे काढता-घालता येणाऱ्या प्लेटचे एकेक भाग. सर सही करतात, मॉडेल कपाटात जातं, लॉगबुकात एक रकाना भरतो. प्लास्टरचा दात हलत नाही. प्लास्टरचं मूल प्लेट डब्यात विसरून येत नाही, बोलताना जीभ अडखळते म्हणून रडत नाही, मधल्या काळात त्याचा शेजारचा दात पडत नाही. कोरड्या विहिरीत पोहायला शिकवावं तसा हा प्रकार आहे. साधी प्लेट लावून खालच्या दातांमागे उलटा पडलेला समोरचा एक दात पुढे आणायचा म्हटलं तरी काही महिने जातात. विभागातली पोस्टिंग असते काही आठवड्यांची. म्हणजे विद्यार्थ्याला एक तर सुरुवात दिसते किंवा शेवट. स्प्रिंग किती उघडली म्हणजे दात सरकतो आणि किती उघडली म्हणजे प्लेटच खाली येते, हे मधल्या भेटींत कळतं, आणि त्या मधल्या भेटी त्याच्या वाट्याला येतच नाहीत.

मॉडेलवर शिकण्यात आणखी एक खोट आहे. मॉडेल हे मिटलेल्या तोंडाचं असतं, आणि मुलांमधले काही महत्त्वाचे दोष तोंड मिटताना दिसतात. एका बाजूच्या क्रॉसबाइटचंच, म्हणजे वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसण्याचंच घ्या. मुलाला सांगायचं, जिभेचं टोक टाळूला मागे लाव आणि हळूहळू दात मीट. दात पहिल्यांदा एकमेकांना टेकतात त्या क्षणी वरची-खालची मधली रेष जुळलेली असते. मग मूल पुढे चावतं, आणि खालचा जबडा गुपचूप एका बाजूला सरकतो. वरचा जबडा दोन्हीकडून थोडा अरुंद, म्हणून बिचारा खालचा जबडा चावायला जागा शोधत एका बाजूला जातो. मिटलेल्या दातांचा फोटो काढला तर वाटतं, दोष एकाच बाजूला आहे. हे सरकणं वर्षानुवर्षं चालू राहिलं तर जबड्याची वाढही त्याच वळणानं होऊ शकते, आणि मग हनुवटी कायमची एका बाजूला झुकलेली दिसते. आठव्या-नवव्या वर्षी वरचा जबडा रुंद करून घेणं तुलनेनं सोपं असतं. पण ते दिसायला हवं. माझ्या बरोबरच्या किती दंतवैद्यांनी मुलाला असं हळू दात मिटायला सांगितलं असेल, हा प्रश्न मी त्यांनाच विचारून पाहिला आहे. उत्तर देताना बहुतेक जण हसतात.

या क्रॉसबाइटवरच स्वीडनमध्ये झालेली एक चाचणी आपल्या कपाटातल्या मॉडेलांशेजारी ठेवण्यासारखी आहे. काढता-घालता येणारी रुंदीकरणाची प्लेट आणि दाढांना चिकटवलेला क्वाडहेलिक्स, म्हणजे वरचा जबडा रुंद करणारी तारेची रचना, यांची तुलना केली गेली. क्वाडहेलिक्स सगळ्या मुलांत यशस्वी ठरला, प्लेट साधारण तीनातल्या एका मुलात फसली. कारण उघड आहे: प्लेट मुलाच्या खिशात असते, क्वाडहेलिक्स तोंडात. आणि आम्ही पदवीला काय घोटून घोटून करतो? प्लेट. दाढेला धातूचा बँड बसवायला, तो सिमेंटनं चिकटवायला हात बसलेला नसतो, म्हणून जे जमतं तेच मुलाला दिलं जातं.

दुसरी तक्रार दोन विभागांच्या सीमेची. सहाव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत तोंडात दुधाचे आणि कायमचे असे दोन्ही दात असतात. या सहा वर्षांना आपल्या इमारतीत मालक नाही. दुधाची दाढ कीड लागून काढली तर ते बालदंत विभागाचं काम. ती काढल्यावर मागची सहाव्या वर्षाची कायमची दाढ पुढे सरकली आणि दुधाच्या दाढेखालून येणाऱ्या उपदाढेची जागा खाल्ली, तर ते ऑर्थोचं काम, पण पाच वर्षांनी. मधली जागा राखून ठेवायला बँड अँड लूप लावायचा की नाही, हे ठरवायला खालच्या दाताची किती वाढ झाली, त्यावर किती हाड उरलं, जबड्यात मुळात जागा किती, हे बघावं लागतं. विद्यार्थ्याला बँड अँड लूप बनवता येतो. कोणाला लावायचा नाही, हे सांगता येत नाही. दुधाच्या मागच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट नान्स यांनी १९४७ सालीच मोजून दाखवलं होतं की खालच्या जबड्यात दोन्ही बाजू मिळून साधारण ३.४ मिलिमीटर जागा अशी उरते. समोरचे दात थोडेसे दाटीत असलेल्या मुलात शेवटची दुधाची दाढ पडण्याआधी एक लिंग्वल आर्च, म्हणजे खालच्या दातांच्या आतून बसवलेली तार, लावला, तर ही जागा हातची जात नाही. काही मुलांचा पुढे दात काढण्याचा प्रसंग त्यानं टळतो. तोंडी परीक्षेत हा ३.४ चा आकडा सगळ्यांना पाठ असतो. दवाखान्यात तो वापरलेला क्वचितच दिसतो.

सहाव्या वर्षाच्या दाढेचं इनॅमल मुळातच कच्चं असतं, अशी मुलंही बरीच येतात. दाढ येते तीच पिवळी-तपकिरी, ठिसूळ, थंड पाण्यानं कळ मारणारी. तिच्यावर फिलिंग, ते निघतं, पुन्हा फिलिंग, मग कॅप, मग रूट कॅनाल. अशी दाढ फारच खराब असेल, तर साधारण आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान ती काढली की मागची दुसरी दाढ पुढे येऊन तिची जागा बऱ्यापैकी भरून काढू शकते. त्याची वेळ एक्स-रेवर ठरते: खालच्या दुसऱ्या दाढेच्या मुळांचा दुभाग तयार होऊ लागलेला दिसला पाहिजे. ही वेळ गेली की जागा उघडी राहते आणि दात तिरके होतात. हा निर्णय एकट्या बालदंत विभागाचा नाही, एकट्या ऑर्थोचाही नाही. दोन्ही विभाग एका खुर्चीभोवती उभे राहून विद्यार्थ्यासमोर असा निर्णय घेतात, असं माझ्या शिक्षणात मी कधी पाहिलं नाही. आताचे इंटर्नही हेच सांगतात.

तिसरी तक्रार थोडी उलट्या दिशेची आहे. पत्र वाचून कुणाला वाटेल की मला प्रत्येक मुलाच्या तोंडात लवकर काहीतरी बसवायचं आहे. तसं अजिबात नाही. कधी हात लावायचा नाही हे शिकवणं, हा प्रशिक्षणाचा निम्मा भाग आहे, आणि तोही आपण शिकवत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या समोरच्या दातांत फट असते, बाजूचे दात पंख्यासारखे बाहेर झुकलेले असतात. आई घाबरते. अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट ब्रॉडबेंट यांनी १९३७ साली या अवस्थेचं वर्णन करून ठेवलं आहे. वर चढून बसलेले सुळे पटाशीच्या मुळांना ढकलत असतात, ते खाली उतरले की फट बहुतेकदा आपोआप मिटते. इथे तार लावून दात घाईनं जवळ ओढले तर त्यांची मुळं सुळ्यावर आपटू शकतात. तिथे फक्त धीर द्यायचा आणि वर्षानं बोलवायचं.

पुढे आलेल्या वरच्या दातांबद्दलही तेच. आधी एकदा आणि पुढे पुन्हा अशा दोन टप्प्यांत उपचार करावेत की किशोरवयात एकदाच, यावर चांगल्या चाचण्या झाल्या आहेत आणि वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानं त्या एकत्र तपासल्या आहेत. निष्कर्ष असा की लवकर उपचार केल्यानं शेवटी जबड्याचा फार वेगळा फायदा दिसत नाही. एक फायदा दिसतो: पडून-आपटून समोरचे दात तुटण्याचं प्रमाण कमी होतं. वरचे दात खालच्यांच्या ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असतील तर इजेचा धोका साधारण दुप्पट होतो, हे आधीच माहीत आहे. म्हणजे निर्णय मुलागणिक बदलतो. धडपड्या, ओठ न मिटणारा, एकदा दात आपटून घेतलेला मुलगा असेल तर लवकर. शांत, ओठ सहज मिटणारी मुलगी असेल तर थांबायला हरकत नाही.

याउलट खालचा जबडा पुढे आणि वरचा मागे राहिलेलं मूल. ब्रिटनमधल्या एका बहुकेंद्री चाचणीत दहा वर्षांखालच्या अशा मुलांना फेसमास्क, म्हणजे वरचा जबडा पुढे ओढणारं चेहऱ्यावर लावायचं साधन, दिला गेला. सहा वर्षांनी पाहिलं तेव्हा फेसमास्क न दिलेल्या गटातल्या ६६ टक्के मुलांना पुढे जबड्याच्या शस्त्रक्रियेची गरज आहे असं तज्ज्ञांचं मत पडलं. दिलेल्या गटात ३६ टक्के. इथे ‘सगळे दात येऊ द्या’ म्हणणं मुलाला महागात पडू शकतं. एकाच वयाची दोन मुलं, एकाला थांबवायचं आणि दुसऱ्याला त्याच आठवड्यात पुढे पाठवायचं, हा फरक पदवीच्या शेवटच्या दिवशी तरी विद्यार्थ्याला करता यावा, एवढंच मागणं आहे.

चौथी तक्रार बाजाराची. आपण जी पोकळी ठेवली, ती दुसऱ्या कुणीतरी भरली. आज तरुण दंतवैद्याच्या फोनवर शनिवार-रविवारच्या कोर्सच्या जाहिराती येतात: दोन दिवसांत अर्ली ऑर्थोडॉन्टिक्स. शिकवणारा बऱ्याचदा कंपनीच्या पैशांनी आलेला, आणि शिकवण्याचा विषय कंपनीचं साधन. वयानुसार मापांत मिळणारी दातांवर बसवायची सिलिकॉनची तयार ट्रेनर, दात सरकवणारी लहान मुलांची पारदर्शक अलाइनर. त्यासोबत झोप सुधारेल, तोंडानं श्वास घेणं थांबेल, अभ्यासात लक्ष लागेल, चेहरा बदलेल, अशी आश्वासनं. या मोठमोठ्या दाव्यांना आधार फार तोकडा आहे. पण सोनेरी कडेचं प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळं होण्याचा कार्यक्रम पूर्ण होतो. मी त्या तरुणांना फार दोष देत नाही. समोर मूल आहे, पालक विचारतो आहे, आणि महाविद्यालयानं काही दिलेलं नाही. जो शिकवायला तयार आहे त्याच्याकडे तो जातो.

यात एक लबाडी मला विशेष खटकते. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते की मुलाची पहिली ऑर्थोडॉन्टिक तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. तपासणी. त्या वयात सहाव्या वर्षाच्या दाढा आणि समोरचे काही कायमचे दात आलेले असतात, म्हणून मांडणीचा अंदाज येतो आणि बहुतेक मुलांना नुसतं लक्ष ठेवून सोडून देता येतं. जाहिरातीत हेच वाक्य ‘सातव्या वर्षी उपचार सुरू करा’ असं होऊन येतं. आपल्यापैकी कुणी यावर जाहीरपणे बोललेलं मी ऐकलं नाही.

पाचवी तक्रार स्पेशालिस्ट मंडळींबद्दल, आणि ती मी आदर ठेवूनच करते. एडवर्ड अँगल यांनी १९०० साली सेंट लुइसला ऑर्थोडॉन्टिक्सची स्वतंत्र शाळा काढली आणि हा विषय दंतवैद्यकाच्या एका कोपऱ्यातून उचलून स्वतःच्या पायावर उभा केला. त्याचे उपकार आहेतच. पण तेव्हापासून घातलेली भिंत पुढे इतकी उंच झाली की पलीकडचं मूल दिसेनासं झालं. सर्वसाधारण दंतवैद्याला शिकवलं तर तो अर्धवट ज्ञानावर ब्रेसेस लावत सुटेल, ही आपली भीती मला मान्य आहे. हाडाबाहेर ढकललेली मुळं आणि उघडी पडलेली हिरडी मीही पाहिली आहे. पण न शिकवल्यानं ते थांबलेलं नाही, हेही आपण पाहता आहात. मी एका मुलाला सविस्तर चिठ्ठी लिहून पाठवलं: खालचा एक पटाशीचा दात उलट्या चाव्यात आहे, त्याची हिरडी उतरू लागली आहे, एक्स-रे सोबत जोडला आहे. मूल परत आलं ते तोंडी निरोप घेऊन, दोन वर्षांनी या. का, ते नाही. हिरडीचं काय, ते नाही. लेखी उत्तर तर नाहीच. दोन ओळी आल्या असत्या तर मीही काही शिकले असते.

दुसरीकडे वेगळी पद्धत आहे आणि ती कल्पनेतली नाही. स्वीडन आणि फिनलंडमध्ये सार्वजनिक दंतसेवेतले सर्वसाधारण दंतवैद्य ऑर्थोडॉन्टिस्टच्या सल्ल्यानं मुलांचे साधे उपचार करत आले आहेत. मूल स्पेशालिस्टला दाखवलं जातं, योजना तो ठरवतो, सोपं काम दंतवैद्य करतो, अवघड ते स्पेशालिस्ट स्वतःकडे घेतो. मी वर ज्या बऱ्याच चाचण्या सांगितल्या त्या तिथल्याच आहेत, हा योगायोग मला वाटत नाही. जिथे मूल लवकर दिसतं, तिथेच लवकर उपचारांचा अभ्यास होऊ शकतो.

तर माझ्या मागण्या अशा.

पदवी मिळण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याकडे मिश्र दातांच्या वयातली काही मुलं सोपवली जावीत, आणि तीच मुलं त्यानं किमान वर्षभर बघावीत. पोस्टिंग बदलली तरी मूल बदलू नये. त्यातल्या निम्म्या मुलांवर काहीच उपचार झाले नाहीत तरी चालेल. काही न करण्याचं कारण त्यानं लेखी मांडावं आणि त्यालाही गुण मिळावेत.

अंतिम परीक्षेत प्लास्टरच्या मॉडेलऐवजी, निदान त्याच्या जोडीला, खरं मूल असावं. मुलाला हळू दात मिटायला सांगणं, सुळा चाचपणं, समोरचा एक दात येऊन सहा महिने झाले आणि जोडीचा आला नाही तर एक्स-रे मागवणं, अंगठा चोखणाऱ्या मुलाशी आणि त्याच्या आईशी न ओरडता बोलणं, हे सगळं परीक्षकासमोर व्हावं. ॲडम्स क्लॅस्प जरा वाकडा आला म्हणून कुणाचं मूल बिघडत नाही.

सर्वसाधारण दंतवैद्यानं काय करावं आणि कशाला हात लावू नये, याची स्पष्ट यादी आपण जाहीर करा. माझ्या मते पहिल्या रकान्यात जागा राखणं, एखाद-दुसऱ्या दाताचा उलटा चावा सुधारणं, दुधाचा सुळा वेळेत काढणं, सवयी सोडवणं, दुधाच्या दाढेखाली अडकलेली कायमची दाढ मोकळी करणं आणि देखरेखीखाली क्वाडहेलिक्स एवढं यावं. जबड्याच्या वाढीचे दोष, कायमचे दात काढण्याच्या योजना, पूर्ण ब्रेसेस दुसऱ्या रकान्यात. यादीवर वाद होऊ दे. पण यादी असू दे, म्हणजे पालकालाही विचारता येईल.

बालदंत आणि ऑर्थो विभागांची एकत्र ओपीडी आठवड्यातून एकदा तरी असावी, आणि ती विद्यार्थ्यांच्या हजेरीत धरली जावी.

पदवीनंतरचं प्रशिक्षण महाविद्यालयांनी आपल्या हातात घ्यावं. शनिवार-रविवारचं नव्हे, तर मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, स्वतःच्या दवाखान्यातल्या मुलांवर, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. आपण ज्या कोर्सला मान्यतेचे गुण देता, त्यात कंपनीचा पैसा असेल तर तो पहिल्याच पानावर छापला जावा. शिकवणाऱ्याचे हितसंबंधही.

आणि चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाबरोबर लेखी उत्तर परत जावं, हा नियम करा. थांबायचं असेल तर का आणि कधीपर्यंत, एवढं तरी त्यात असावं. याला नवा अभ्यासक्रम लागत नाही, समिती लागत नाही. उद्या सुरू करता येईल.

खर्चाचा आणि मनुष्यबळाचा मुद्दा आपण काढाल, आणि तो खोटा नाही. वर्षभर तीच मुलं परत परत बोलवणं महाविद्यालयांना जड जाईल. शिक्षक कमी आहेत, मुलांच्या शाळा असतात, पालकांना रजा मिळत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना बाहेरच्या दवाखान्यांशी जोडायचा विचार व्हावा. मुलं तिथे आधीच येतात, कीड आणि ठणक्यासाठी का होईना. त्यासाठी माझ्या दवाखान्यातली एक खुर्ची आठवड्यातली एक दुपार द्यायची माझी तयारी आहे. माझ्यासारखे आणखी तयार होतील, कारण या देवाणघेवाणीत आम्हालाही शिकायला मिळेल.

पुढच्या वेळी अभ्यासक्रमाचा मसुदा सूचनांसाठी खुला कराल तेव्हा यातल्या कोणत्या मागण्या घेतल्या आणि कोणत्या नाही, हे कारणांसह जाहीर करावं ही विनंती. ‘विचाराधीन’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

आपली,
एक सर्वसाधारण दंतवैद्य